रविवारची पानथरी

शनिवार, १६ सप्टेंबर २०२३

चि. दयानंद,

नऊ वर्षांनी बापाचं अक्षर पाहून घाबरशील, म्हणून आधीच लिहितो. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई बरी आहे, मी बरा आहे, परवा पोळ्याला बैलही नीट मिरवले. तुला फोन लावून पाहिला, तू कापलास. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम असं आहे. मंगळवारी आपल्या गावची पुनम तुझ्या दवाखान्यात आणली. सरजाबाईची नात, नऊ वर्षांची. तिच्या पोटात रक्त सांडलं होतं आणि तू तिची पानथरी, तुम्ही डॉक्टर प्लीहा म्हणता ती, काढून टाकलीस, असं तू तुझ्या आईला फोनवर सांगितलंस. तुझा फोन आला की मी गोठ्यात जातो, पण गोठा काही लांब नाही. पोर वाचली का, एवढं कळव. मला कळवायचं नसेल तर आईला कळव.

तू पोलिसांना कळवलंस म्हणे, की एवढ्या लेकराची पानथरी काही लागल्याशिवाय फुटत नाही. त्यावरून बुधवारी लोह्याहून गाडी आली आणि रामलिंगला घेऊन गेली. रामलिंग म्हणजे पुनमचा सावत्र बाप. मुदखेडला फुलांच्या मळ्यात कामाला असतो, महिन्यातून एकदा, सोमवारी, गावी येतो. गेल्या सोमवारी त्यानं पोरीला हाताला धरून ओट्यावरून ओढलं आणि ती डाव्या कुशीवर पायरीवर पडली. तीन बायांनी पाहिलं, सरजाबाईनं तसा जबाब दिला. सावत्र बाप म्हटल्यावर लोकांना आणखी पुरावा लागत नाही.

आता कुणी तुला असंही सांगेल की पोर पानथरी कापायला माझ्याकडं आली होती. आली असेल. रविवारी सकाळी अंगणात तीस-चाळीस लोक असतात, हिमायतनगरपासून येतात, मी कुणाकुणाचं लक्षात ठेवू? उपाशीपोटी बाजेवर निजवायचं, बरगडीखाली पानथरी किती बोटं वाढली ते पाहायचं, पोटावर फड्या निवडुंगाचं पान ठेवून त्या पानावर सुरीनं तीन रेघा ओढायच्या आणि पान आढ्याला टांगायचं. पान वाळतं तशी पानथरी वाळते. सुरी कातडीला लागतसुद्धा नाही. माझ्या बापानं केलं, मी बेचाळीस वर्षं केलं, एका नारळाशिवाय कुणाचं काही घेतलं नाही. तेव्हा माझं नाव कुणी घेतलं तर तू उगीच कान टवकारू नकोस.

पानथरी सगळी काढावीच लागते का? थोडी ठेवता येत नाही का? सहज विचारतो आहे.

तुझा बाप,
ग्यानोबा


गुरुवार, २१ सप्टेंबर

चि. दयानंद,

पोर उठून बसली, पेज प्यायली, हे आईकडून कळलं. तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. मी तरी कुठं अपेक्षा केली होती?

आज महालक्ष्म्या बसल्या. तुझ्या आईनं सगळं केलं, पण माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते आणि ताट असं ठेवते की पाट हादरतो. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तुमाला ठावं हाय." म्हटलं, मला काही ठाऊक नाही. त्यावर म्हणाली, "मंग जेवा."

पहिल्या पत्रात मी लिहिलं की पोर आली असेल. आली होती. सरजाबाईच घेऊन आली होती, ३ तारखेच्या रविवारी. पंधरा दिवस ताप येऊन जाऊन होता. रामलिंग मुदखेडहून फोनवर म्हणत होता की तिला दवाखान्यात न्या, आणि सरजाबाईला जावयाचं काही ऐकायचं नव्हतं. म्हणून तिनं पोर माझ्या बाजेवर आणून निजवली. मी पान कापलं आणि टांगलं. बाकी काही नाही.

त्या बाजेवरून तुला आपलं भांडण आठवलं असेल. मला रोज आठवतं. तू शिकून नवा नवा सर्जन होऊन आला होतास, रविवार होता, अंगण भरलेलं होतं. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "बाबा, पानं कापा, हवी तर दिवसभर कापा, पण बोटं घालून दाबू नका. तापातली पानथरी पिकल्या फळापेक्षा मऊ असते." मी तुला त्याच सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. तू बॅग उचललीस आणि गेलास. लोकांना वाटतं, तू माझ्या निवडुंगाला हसलास म्हणून मी मारलं. निवडुंगाला कुणीही हसावं रे. पण बोटं माझी होती. तालुक्यात दुसरा माणूस नव्हता जो हात ठेवून सांगेल, दोन बोटं, चार बोटं. तू परीक्षेत रोग्याची पानथरी किती बोटं ते बरोबर सांगून पास झालास, तेव्हा मला येऊन म्हणाला होतास की बाबा, तुमचीच बोटं कामाला आली. ते मी गावभर सांगितलं होतं. आणि मग तूच त्या बोटांना चारचौघांत नावं ठेवलीस.

असो. एक विचारायचं राहिलं. पानथरी फुटायला किती जोर लागतो? म्हणजे पायरीवर पडल्यानं फुटते ना?

रामलिंगची बायको, पुनमची आई, पोरीजवळ तुझ्याच दवाखान्यात बसून आहे. नवऱ्याला भेटायला तिला कुणी नेलं नाही.

ग्यानोबा


मंगळवार, २६ सप्टेंबर

दयानंद,

रविवारी तू आईला फोन केलास. या वेळी मी गोठ्यात गेलो नाही. तिनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यानं एकच इचारलंय. पोरीचा खांदा दुखत हुता का, आन् कोन्या दिवसापासून."

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"म्या तिथंच हुते," ती म्हणाली. "म्या त्याला सांगू शकते. पर सांगणार न्हाई. तुमच्या हातानं झालंय, तुमच्याच हातानं लिवा. न्हाईतर माझी पिशवी भरलेली हाय, मी चालले नांदेडला, लेकाकडं."

पिशवी खरंच भरलेली होती. काल दिवसभर मी कागद घेऊन बसलो आणि उठलो. आज लिहितो.

३ तारखेला पुनम बाजेवर निजली तेव्हा मी हात ठेवला. पाच बोटं. एवढ्या लहान पोटात पाच बोटं मी फार क्वचित पाहिली आहेत. मी मोठ्यानं सांगितलं, पाच. अंगणात उदगीरकडचे कोणी पाहुणे बसले होते, पहिल्यांदाच आलेले. त्यातला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "अंदाजानं सांगायलेत." ते माझ्या कानावर आलं. मी त्याला बोलावलं, बाजेजवळ उभं केलं, म्हटलं, बघा. आणि पानथरीची कड वर उचलून दाखवायला मी चारही बोटं बरगडीखाली खोल घातली. पोर ओरडली. मी म्हटलं, झालं झालं. आणि बोटांखाली काहीतरी सुटलं. आवाज नाही, काही नाही. ताणलेलं काही सैल व्हावं तसं लागलं. मला ते त्याच क्षणी कळलं, दयानंद. बेचाळीस वर्षांत तसं कधी लागलं नव्हतं.

मी पान ठेवलं, रेघा ओढल्या. पोर उठली ती डावा खांदा धरूनच. सरजाबाईनं विचारलं, "खांदा कामून धरलाय गं? पोट दुखतंय का खांदा?" पोर म्हणाली, खांदा. बाया हसल्या. मी पण हसलो. तुझी आई हसली नाही.

तू कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना जेवताना सांगितलं होतंस की पानथरीतून रक्त सांडलं की पोटाच्या वरचा पडदा चिडतो आणि माणसाला डावा खांदा दुखतो. मी म्हणालो होतो, पोटाचं दुखणं खांद्यावर? तुमच्या कॉलेजात काय बी शिकवायलेत. आपण तिघंही हसलो होतो. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला शिकवलेलं होतं, आणि तूच शिकवलं होतंस.

आणखी आहे. पुढच्या रविवारी, १० तारखेला, सरजाबाई तिला परत घेऊन आली, कारण तीन रविवार करायचे असतात. पोरीचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिला आडवं निजवेना, निजली की खांद्याला कळ येई. मी हात लावला नाही. तुझी आई म्हणाली, हिला दवाखान्यात पाठवा. मी म्हणालो, पान वाळायलंय, गुण येईल. हात का लावला नाही, ते तू मला विचारू नकोस. मी भ्यालो होतो. खाली काय असेल ते मला बोटांना कळू द्यायचं नव्हतं.

सोमवारी रामलिंग आला. पोरीची अवस्था पाहिली, दोन रविवार माझ्याकडं नेल्याचं त्याला तेव्हा कळलं. तो चिडला आणि तिचा हात धरून निघाला. मोटारसायकल बाहेर उभी होती. तो तिला लोह्याला डॉक्टरकडं न्यायला निघाला होता. सरजाबाईनं दुसरा हात धरला, ओढाताण झाली आणि पोर पायरीवर पडली. बायांनी तेवढंच पाहिलं. पोरीला दवाखान्यात न्यायला निघालेला त्या घरातला एकटा माणूस आज कोठडीत आहे, आणि मी महालक्ष्म्यांची पुरणपोळी खाल्ली.

तू खांद्याचं विचारलंस म्हणजे तुला आत काहीतरी दिसलं असणार. मला ते आईकरवी नको, तू स्वतः सांग. शिव्या दिल्यास तरी चालेल.

बाबा


बुधवार, ४ ऑक्टोबर

चि. दयानंद,

तुझं पत्र मिळालं. सहाच ओळी आहेत, पण मी त्या पाठ केल्या. पानथरीच्या पातळ वेष्टणाखाली जुनं, काळं, घट्ट झालेलं रक्त होतं आणि त्यावर ताजं. जुनं रक्त आठ-दहा दिवसांचं असावं, म्हणजे सोमवारच्या आधीचं. काढलेली पानथरी लातूरला तपासायला पाठवली, तिथंही तेच आलं. पहिली इजा कशानं झाली ते तुला कळत नव्हतं, म्हणून तुझ्या अहवालात तिथं जागा कोरी आहे. पायरीवर पडणं हा शेवटचा धक्का, आणि तो नसता तरी दोन-चार दिवसांत खोकल्यानंही फुटली असती. शेवटची ओळ तू लिहिलीस ती अशी: "पानथरी शोधायला बोटांनी जायचं नसतं, बाबा, हात हलका ठेवायचा, रोग्यानं श्वास घेतला की ती आपणहून बोटाला येऊन लागते." हे तू मला नऊ वर्षांपूर्वी सांगायला आला होतास. मी सांगू दिलं नाही.

सोमवारी मी लोह्याच्या ठाण्यात गेलो. जमादाराला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि हसत होता. म्हणाला, "आजोबा, पान कापल्यानं कुनाची पानथरी फुटती का? माझ्या मायला तुमीच बरं केलंव की. उगी त्या रामलिंगसाठी कामून ओढून घेता? घरी जा, ऊन हाय." त्यानं मला चहा पाजला. मी आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला आणि मला चहा मिळाला.

गावात आलो तोवर खबर पोचली होती. सरपंच संगप्पा चार माणसं घेऊन आला. "ग्यानोबा, रईवार बंद व्हईल. लांब लांबची मान्सं येत्यात, गावाचं नाव हाय," म्हणाला. ३ तारखेला अंगणात तीस माणसं होती, पण कुणाला काही आठवत नाही. उदगीरकडचे पाहुणे कोण, कुठले, कुणाला माहीत नाही.

मग सरजाबाईकडं गेलो. ती ज्वारी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "म्या न्हेलंच न्हाई तिला तुमच्याकडं." मी म्हटलं, सरजाबाई, माझ्यासमोर तरी असं म्हणू नकोस. तेव्हा तिच्या हातातून सूप निसटलं. "म्या न्हेलं म्हनलं तर म्याच केलं की हे. तो म्हनत हुता दवाखान्यात न्या, आन् म्या न्हेलं तुमच्या बाजंवर. माझी नात हाय ओ. मला कसं म्हनवंल?" रडायला लागली. तिचं आणि माझं दुखणं एकच होतं.

तेव्हा आता तुझ्याशिवाय कुणी नाही. माझ्या तोंडाला किंमत नाही, तुझ्या कागदाला आहे. तुझ्या अहवालातली ती कोरी जागा भर. ३ सप्टेंबरला या या माणसानं पोट दाबलं, मुलीचा डावा खांदा तेव्हापासून दुखत होता, आणि जुनं रक्त त्या दिवसाशी जुळतं, असं लिही. माझं पूर्ण नाव घाल. आडनाव एकच असल्यानं कोर्टात लोक तुझ्या तोंडाकडं पाहतील, ते मला कळतं. बापाविरुद्ध लिहिलं म्हणून कुणी तुला नावं ठेवील, कुणी तुझ्या घरचा धंदा म्हणून हसेल. तुझ्यावर हे आणायचं नव्हतं. पण तिथं रामलिंग बसला आहे.

सोबत माझा जबाब माझ्या अक्षरात जोडला आहे. खाली तुझ्या आईची सही आहे, साक्षीदार म्हणून. सही करताना तिनं चष्मा मागितला आणि सगळं वाचून मगच केली. एक ओळ तिनं मला वाढवायला लावली: "१० तारखेला मी दवाखान्यात पाठवा म्हणाले होते, यांनी ऐकलं नाही."

बाज मी मोडून टाकली. रविवारी जे आले त्यांना दारातूनच सांगितलं की लोह्याला जा, नाहीतर नांदेडला जा. काहीजण रागावले. एक बाई म्हणाली, म्हातारा माजला.

बाबा


मंगळवार, १७ ऑक्टोबर

चि. दयानंद,

तुझा पुरवणी जबाब गेला, आणि शुक्रवारी रामलिंग सुटला. तू स्वतः ठाण्यात येऊन दोन तास बसलास, जमादाराला चित्र काढून दाखवलंस, हे मला जमादारानंच सांगितलं. आता तो मला चहा विचारत नाही. माझ्यावर गुन्हा नोंदवला आहे, नोटीस आली आहे, तारखेला हजर राहायचं आहे. मी राहीन. तू ठाण्यापासून घरापर्यंत आला नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

पुनम परवा घरी आली. तू दिलेलं कार्ड तिच्या आईनं भिंतीतल्या देवळीत लावलं आहे. पानथरी नसलेल्या माणसाला साधा तापही जिवावर बेततो, ताप आला की त्याच तासाला दवाखाना, लशी चुकवायच्या नाहीत, हे तू मोठ्या अक्षरात लिहिलंस ते बरं केलंस. सरजाबाईला वाचता येत नाही, तरी ती रोज त्या कार्डाकडं बघते. तिनं काल मला रस्त्यात थांबवून विचारलं, "पानथरी पुन्ना वाढती का ओ?" मी म्हटलं, नाही. ती पुढं गेली.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

रविवारी सकाळी रामलिंग आपल्या अंगणात आला. वाळला आहे. दाढी वाढलेली, अंगात नेलं त्या दिवशीचाच सदरा. मी उठून उभा राहिलो. तुझी आई दारात येऊन थांबली. मी ठरवलं होतं की तो जे करील ते करू द्यायचं. म्हटलं, "रामलिंग, माझ्यापायी महिनाभर आत बसलास. मार मला. कुणी मधे पडणार नाही."

तो खाली मातीत बसला. म्हणाला, "आत बसल्याचं काय न्हाई ओ, बाबा. भाकर मिळायची, झोप मिळायची. पर रोज मला वाटायचं, म्याच केलं. ह्याच हातानं वडली लेकराला. सावत्र म्हनत्यात ते खरंच आसंल, माझ्या हातातच तसं काई आसंल. साहेबानं मारून इचारलं तवा म्या म्हनून बी टाकलं, हाव, म्या केलं. कारन मला तसंच वाटत हुतं."

दयानंद, हे तुला ठाऊक होतं का? त्यानं कबूल केलं होतं?

तो पुढं म्हणाला, "मंग वकिलानं सांगितलं, ग्यानोबा बाबा सोता ठान्यात आले, गाव आडवं पडलं तरी आले. तुमाला कुनी इचारलं बी नव्हतं. तुमाला कळलं आन् तुमी लगीच बोललाव. दुसरं कोन बोललं असतं? आता मी पोरीच्या डोक्यावर हात ठिवू शकतो, बाबा. तुमच्यामुळं."

आणि तो वाकला आणि त्यानं माझे पाय धरले.

मला कळलं आणि मी लगेच बोललो, असं त्याला वाटतं. मला ३ तारखेलाच कळलं होतं. त्याला नेलं त्या दिवशी मी माझ्या ओट्यावर उभा राहून गाडी जाताना पाहिली होती. त्यानंतर मी पोळ्याच्या गप्पा मारत तुला पत्र लिहिलं आणि त्यात त्याच्याकडं बोट दाखवलं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. तुझी आई दारातून माझ्याकडं पाहत होती, तिला वाटलं मी आता सांगीन. मला पण वाटलं.

त्याचं कपाळ माझ्या पायावर टेकलेलं होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला आशीर्वाद दिला.

बाबा